नोकरी बदलताना क्रम चुकवू नका : राजीनाम्याच्या आधीपासून नव्या पासबुकातील पहिल्या नोंदीपर्यंत

एकाच कारखान्यात किंवा एकाच शेठकडे निवृत्त व्हायचे, असे ठरवून जळगाव, धुळे किंवा नंदुरबारचा तरुण आता कामाला लागत नाही. जळगावच्या एमआयडीसीतून नाशिकला, धुळ्याजवळच्या अवधानहून पुण्याला, नवापूरहून सुरत-अंकलेश्वरकडे आणि काही वर्षांनी आई-वडिलांसाठी परत घरी, असे बदल आता प्रत्येक गल्लीत दिसतात. त्यात गैर काही नाही. ऑर्डर कमी झाली की मालक माणसे कमी करतो आणि ठेका संपला की ठेकेदार हजेरी बंद करतो, तेव्हा कामगाराने मात्र जन्मभर बांधून घ्यावे, अशी अपेक्षा रास्त ठरत नाही. आपल्याकडे सालदाराचे, म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेतात राबणाऱ्या गड्याचे, साल आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) संपते, हिशेब होतो, उचल वळती होते आणि मग तो त्याच मालकाकडे राहतो किंवा दुसऱ्याकडे जातो. त्याला कोणी बेइमान म्हणत नाही. नोकरीतले इमानही तसेच मोजावे, असे माझे ठाम मत आहे. किती वर्षे राहिलात यापेक्षा काय चोख परत करून निघालात, ते महत्त्वाचे.

नुकसान होते ते नोकरी बदलल्यामुळे नाही, तर क्रम चुकल्यामुळे. तोंडी शब्दावर राजीनामा दिला जातो, ‘उद्यापासून येत नाही’ असे फोनवर कळवून माणूस गायब होतो, प्रत्येक बदलात पीएफ (भविष्य निर्वाह निधी) काढून घेतला जातो आणि पाच-सात वर्षांनी हाती ना शिल्लक राहते ना अनुभवाचा पुरावा. पुढील टप्पे दिलेल्या क्रमानेच पार पाडावेत.

## टप्पा १ : आधी तारखा पाहा, मग मन बनवा

नियुक्तीपत्र काढा आणि रुजू झाल्याची तारीख एका कागदावर लिहा. त्या तारखेवरून तीन गोष्टी तपासा.

पहिली ग्रॅच्युइटी, म्हणजे दीर्घ सेवेबद्दल नोकरी सोडताना मालकाने द्यायची एकरकमी रक्कम. कायम कामगाराला ती पाच वर्षांच्या सलग सेवेनंतर मिळते. शेवटचे मासिक वेतन गुणिले १५, भागिले २६, गुणिले सेवेची वर्षे, असे तिचे गणित आहे. वेतन, म्हणजे मूळ पगार अधिक महागाई भत्ता, २०,००० रुपये असेल, तर पाच वर्षांची रक्कम सुमारे ५७,६९२ रुपये होते. चार वर्षे दहा महिन्यांनी दोन हजारांच्या वाढीसाठी उठून जाणारा माणूस ही रक्कम टेबलावर ठेवून जातो. चार वर्षे आणि २४० दिवस झाले तरी हक्क मिळतो, असे मानणारा मद्रास उच्च न्यायालयाचा निकाल आहे. मात्र अनेक कंपन्या तो सहजासहजी मान्य करीत नाहीत आणि त्यासाठी भांडत बसण्यापेक्षा दोन महिने थांबणे शहाणपणाचे आहे. मुदतीच्या करारावर असलेल्यांनी वेगळा हिशेब करावा, कारण २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेनुसार त्यांना एका वर्षाच्या सेवेनंतर प्रमाणशीर ग्रॅच्युइटी मिळू शकते.

दुसरी गोष्ट बोनस. केवळ बोनस हातात पडावा म्हणून दिवाळीपर्यंत अडकून राहणारे पुष्कळ आहेत. वर्षात किमान ३० दिवस काम केलेले असेल आणि तुम्ही कायद्याच्या वेतनमर्यादेत बसत असाल, तर मध्येच राजीनामा दिल्याने त्या वर्षाचा प्रमाणशीर बोनस बुडत नाही; त्याचा किमान दर ८.३३ टक्के आहे. त्यामुळे चांगली संधी केवळ बोनसपायी सोडू नये. त्याची मागणी मात्र लेखी नोंदवून ठेवावी.

तिसरी गोष्ट बंधपत्र, म्हणजे बाँड. प्रशिक्षणाच्या खर्चापोटी ‘दोन वर्षे सोडणार नाही’ असे लिहून दिले आहे का, ते वाचा. ‘बाँडला काही किंमत नसते’ हा समज चुकीचा आहे. मे २०२५ मध्ये विजया बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, तीन वर्षांच्या आत सोडल्यास दोन लाख रुपये भरण्याची अट वैध ठरवली. याउलट, नोकरी सोडल्यानंतर त्याच धंद्यात दुसरीकडे काम करू नये, असे बंधन भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २७ पुढे सहसा टिकत नाही. दोन्ही अटी एकाच कागदावर असतात, म्हणून त्या वेगवेगळ्या ओळखाव्यात.

तपासणी : रुजू तारीख, पाच वर्षे पूर्ण होण्याची तारीख, बाँड संपण्याची तारीख आणि नोटिशीचे, म्हणजे राजीनाम्यानंतर भरायचे, दिवस या चार नोंदी तुमच्याकडे लिहिलेल्या आहेत का? नसतील, तर पुढे जाऊ नका.

## टप्पा २ : कामावर असतानाच कागद जमवा

राजीनाम्यानंतर कंपनीचा ईमेल आणि पगाराचे ॲप बंद होते. मग सहा महिन्यांपूर्वीची सॅलरी स्लिप मागायला ऑफिसच्या चार चकरा माराव्या लागतात. म्हणून नियुक्तीपत्र, पगारवाढीची पत्रे, उपलब्ध असलेल्या सर्व सॅलरी स्लिप, आधीच्या वर्षांचे फॉर्म १६ (पगार आणि कापलेल्या कराचे प्रमाणपत्र), विमा योजनेचा क्रमांक आणि पीएफचे पासबुक आजच स्वतःच्या ईमेलवर किंवा पेन ड्राइव्हवर घ्या. फक्त स्वतःच्या नावाचे कागद घ्या. कंपनीचे दर, ग्राहकांच्या याद्या, डिझाइन यांना हात लावू नका.

यापुढचे काम कंटाळवाणे आहे, पण सर्वांत जास्त प्रकरणे इथेच अडतात : नाव आणि जन्मतारीख. आपल्याकडे शाळेच्या दाखल्यावर आणि गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे नाव असते; आधारवर स्वतःचे नाव आधी येते; पीएफमध्ये कंपनीच्या क्लार्कने केवळ नाव आणि आडनाव टाकलेले असते. इंग्रजी स्पेलिंगही कुठे एका ‘ए’ने तर कुठे दोन ‘ए’ने लिहिलेले. लग्नानंतर नाव बदललेल्या महिलांच्या कागदांत तर तीन-तीन रूपे आढळतात. जन्मतारखेचेही तसेच. शाळेत सरसकट १ जून लावून दिलेल्या पिढीच्या आधारवर कधी खरी तारीख असते आणि पीएफमध्ये दाखल्यावरची. ही विसंगती नोकरीत असताना वर्षानुवर्षे लक्षात येत नाही, आणि पीएफ दुसरीकडे नेताना मात्र अर्ज फेटाळला जातो.

म्हणून आधी आधार बरोबर करून घ्या, मग पॅन आधारशी जुळवा आणि शेवटी पीएफच्या सदस्य पोर्टलवर नाव, जन्मतारीख, लिंग, वडिलांचे किंवा पतीचे नाव दुरुस्त करा. १ ऑक्टोबर २०१७ नंतर मिळालेल्या आणि आधारने पडताळलेल्या यूएएनसाठी (पीएफ सदस्याचा कायमचा क्रमांक) यांपैकी बहुतेक दुरुस्त्या आता सदस्याला स्वतः करता येतात. यूएएन त्याहून जुना असेल, तर मालकामार्फत अर्ज जातो, आणि मालक तुमच्यावर खूश असताना तो लवकर जातो. त्याच वेळी आधारशी जोडलेला मोबाइल क्रमांक चालू आहे ना, तेही पाहा, कारण पुढची सर्व कामे त्या ओटीपीवर चालतात.

सावधान : खासगी शाळा, वसतिगृहे, छोट्या वित्तसंस्था आणि काही दुकाने रुजू होताना मूळ प्रमाणपत्रे किंवा सही केलेले कोरे धनादेश ठेवून घेतात. असे काही दिले असेल, तर त्याची पोच आजच लेखी मागा आणि राजीनाम्याआधी शक्य ते परत घ्या. पुढच्या नोकरीत मूळ कागद केवळ दाखवा, सोडून येऊ नका; कोरा धनादेश तर कोणालाच देऊ नका.

## टप्पा ३ : नव्या पगाराचा आकडा सोडवून पाहा

‘चार लाख ऐंशी हजारांचे पॅकेज’ म्हणजे महिन्याला चाळीस हजार, असे गृहीत धरून गावाकडे पेढे वाटले जातात. ते गणित कागदावर सोडवून पाहू. समजा मूळ वेतन २०,००० आहे. कंपनीच्या वाट्याचा पीएफ २,४०० रुपये, ग्रॅच्युइटीची तरतूद ९६२ रुपये, वर्षाअखेर कामगिरीवर मिळणारा भाग दरमहा ४,००० रुपये आणि विम्याचा हप्ता ५०० रुपये, हे सर्व त्या चाळीस हजारांतच धरलेले असते. उरले ३२,१३८. त्यातून तुमच्या वाट्याचा पीएफ २,४०० आणि व्यवसाय कर २०० गेला की हातात २९,५३८ रुपये पडतात.

आता जळगावात घरचे राहून हाती येणारे २२,००० त्याच्या शेजारी मांडा. फरक साडेसात हजारांचा. पुण्यात खोलीतला वाटा, मेस, कामावर जाण्या-येण्याचा खर्च आणि महिन्यातून एकदा ट्रॅव्हल्सने घरी येण्याचे भाडे यांत तो संपू शकतो. तरीही जायचे असेल तर जरूर जा, कारण नवे काम शिकायला मिळणे ही स्वतंत्र कमाई आहे. फक्त ‘पगार वाढला म्हणून गेलो’ आणि ‘काम शिकायला गेलो’ यांपैकी आपले कारण कोणते, हे स्वतःशी स्पष्ट असू द्या; वर्षभराने पुन्हा बदलण्याची वेळ आली, तर त्याच कारणावरून निर्णय घ्यावा लागतो.

विचारण्याचे प्रश्न असे : पीएफ पूर्ण मूळ वेतनावर कापला जातो की १५,००० रुपयांच्या मर्यादेवर? कामगिरीवरचा भाग मागील वर्षी प्रत्यक्षात किती मिळाला? नेमणूक कंपनीच्या नावावर आहे की ठेकेदाराच्या? या शेवटच्या प्रश्नाकडे एमआयडीसीतील मुलांनी विशेष लक्ष द्यावे. गेट, मशीन आणि सुपरवायझर तेच राहतात, पण ठेकेदार बदलला की सेवेची नोंद नव्याने सुरू होते आणि पाच वर्षे कधीच भरत नाहीत.

## टप्पा ४ : लेखी ऑफर, आणि तिची खात्री

ऑफर लेखी येईपर्यंत सध्याच्या जागी अवाक्षर काढू नये. पत्रात पद, कामाचे ठिकाण, वेतनाची फोड, परिवीक्षेचा (प्रोबेशनचा) काळ, नोटिशीचे दिवस आणि रुजू होण्याची तारीख असावी. नोटीस तुमच्याकडे ६० दिवसांची आणि नवी कंपनी बोलावते ३० दिवसांनी, अशी स्थिती असेल, तर तारीख वाढवून घ्या किंवा उरलेल्या दिवसांची भरपाई कोण करणार, ते लेखी घ्या.

सावधान : लॅपटॉपची अनामत, प्रशिक्षण शुल्क किंवा पडताळणीचा खर्च म्हणून नोकरीआधी पैसे मागणारी ऑफर खोटी समजावी. ईमेलचा पत्ता कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळाचा आहे का, आणि कंपनीची नोंद कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर सापडते का, ते पाहा. पैसे गेलेच असतील, तर विलंब न करता १९३० या सायबर फसवणूक हेल्पलाइनवर तक्रार करा.

## टप्पा ५ : राजीनामा — आधी समोर बसून, त्याच दिवशी लेखी

खान्देशातील बहुतेक कारखाने, पेढ्या आणि दुकाने आजही माणसांच्या नात्यावर चालतात. शेठने मुलीच्या लग्नाला मदत केलेली असते, वडिलांच्या ऑपरेशनला उचल दिलेली असते. अशा ठिकाणी बातमी दुसऱ्याच्या तोंडून पोचली की दुखावलेपण येते, आणि त्या दुखावलेपणातूनच पुढे कागद अडतात. म्हणून आधी स्वतः जा, आणि थोडक्यात बोला :

‘शेठ, दहा मिनिटं द्या, जरा निवांत बोलायचं होतं. मी दुसरीकडे जायचं ठरवलंय. तुमच्याकडे काम शिकलो, ते विसरणार नाही. नोटिशीचा महिना पूर्ण भरतो, हाताखालच्या पोराला मशीन लावण्यापर्यंत शिकवून जातो. उचलीचे पंधरा हजार राहिलेत, ते शेवटच्या पगारातून वळते करून घ्या.’

यात तक्रार नाही, तुलना नाही आणि नव्या पगाराचा आकडाही नाही. तो विचारला तरी सांगण्याचे बंधन तुमच्यावर नाही.

त्याच दिवशी संध्याकाळच्या आत ईमेलने किंवा पोच घेऊन लेखी राजीनामा द्या. मजकूर एवढा पुरेसा आहे : ‘मी दि. … पासून आपल्या आस्थापनेत … या पदावर काम करीत आहे. मी आज दि. … रोजी राजीनामा देत आहे. नियुक्तीपत्रातील अटीप्रमाणे … दिवसांची नोटीस धरून माझ्या कामाचा शेवटचा दिवस दि. … हा राहील. माझ्याकडील कामे, कागद व वस्तू आपण सांगाल त्या व्यक्तीकडे मी सुपूर्द करीन. राजीनामा स्वीकारल्याचे कृपया लेखी कळवावे.’ व्हॉट्सॲपवरचा निरोप हा याला पर्याय नव्हे. लेखी राजीनाम्यानंतर आठवण म्हणून तो पाठवायला हरकत नाही.

‘थांब, पगार वाढवतो’ असे उत्तर येण्याची शक्यता धरूनच आत जा. माझा सल्ला असा की, केवळ पैशासाठी निघाला असाल तर हा प्रस्ताव प्रामाणिकपणे तोलावा, आणि तो लेखी व तारखेसह मिळाला तरच मान्य करावा. काम शिकण्यासाठी किंवा घरच्या कारणासाठी निघाला असाल, तर वाढीने ते कारण संपत नाही. एकदा नव्या जागी होकार कळवल्यावर तो मागे घेणे, तेही शेवटच्या आठवड्यात, हे मालक बदलण्यापेक्षा मोठे बेइमानीचे वागणे आहे. एका जिल्ह्याच्या बाजारात ते लवकर पसरते.

## टप्पा ६ : नोटिशीचा काळ

नोटिशीचे दिवस बहुधा कॅलेंडरचे मोजले जातात, कामाचे नाहीत. तरी पत्रातील शब्द पाहा. या काळात रजा घेतल्यास काही ठिकाणी नोटीस तितकी पुढे ढकलली जाते, म्हणून शिल्लक रजेचे पैसे मिळणार की ती नोटिशीत वळती होणार, हे पहिल्याच आठवड्यात विचारून घ्या.

काम सोपवण्यासाठी एक वही करा. पाइपच्या एक्स्ट्रूडरवर काम करणाऱ्याने प्रत्येक साइजसाठी हीटरच्या झोनची तापमाने, डाय बदलण्याचा क्रम, मशीन बंद पडल्यावर आधी काय पाहायचे आणि सुटे भाग कुणाकडून येतात, एवढे लिहिले, तरी मागे राहिलेल्यांचा एक महिना वाचतो. हिशेबनीसाने अर्धवट जुळवण्या, थकीत बिले आणि जीएसटीच्या पुढच्या तारखा लिहाव्यात. वही तारखेसह सुपूर्द करा, पहिल्या पानावर घेणाऱ्याची सही घ्या आणि फक्त त्या पानाचा फोटो ठेवा. आतली तापमाने आणि दर कंपनीचे आहेत. त्यांची प्रत तुमच्यासोबत जाऊ नये.

सराफी दुकानांतील आणि विक्रीतील मुलांसाठी हीच गोष्ट अधिक नाजूक आहे. ग्राहक तुमच्या स्वभावामुळे येतो हे खरे, पण त्याचा नंबर आणि खरेदीचा इतिहास दुकानाचा असतो. जुन्या दुकानाची यादी घेऊन नव्या दुकानाचे मेसेज पाठवणे ही विश्वासाची फसवणूक आहे आणि कायदेशीर कारवाईलाही वाव देते.

## टप्पा ७ : शेवटचा दिवस आणि हिशेब

शेवटच्या दिवशी ओळखपत्र, लॅपटॉप, चाव्या, सिमकार्ड आणि सुरक्षा साहित्य परत केल्याची सही असलेली यादी घ्या. त्यानंतर रिलिव्हिंग लेटर (कामातून मोकळे केल्याचे पत्र), अनुभव प्रमाणपत्र आणि अंतिम हिशेबाचा तपशील मागा. रिलिव्हिंग लेटरवरील रुजू आणि शेवटची तारीख तिथेच, त्या माणसासमोर वाचा.

हिशेबात शेवटचा पगार, रजेचे पैसे, प्रमाणशीर बोनस आणि ग्रॅच्युइटी जमेला. उचल, नोटिशीची वसुली आणि कर नावे. लागू झालेल्या वेतन संहितेनुसार राजीनामा दिलेल्याचे देय वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत मिळाले पाहिजे, आणि ग्रॅच्युइटीसाठी ३० दिवसांची मुदत आहे. ‘सर्व रक्कम मिळाली, काही बाकी नाही’ असे लिहिलेल्या कागदावर पैसे खात्यात येण्याआधी सही करू नका. आग्रहच झाला, तर सहीखाली ‘रक्कम अद्याप मिळालेली नाही’ असे लिहा आणि तारीख टाका.

तपासणी : जुन्या नोकरीचा शेवटचा दिवस आणि नव्या नोकरीचा पहिला दिवस यांत किमान एका दिवसाचे अंतर आहे का? दोन्ही तारखा एकमेकींवर चढल्या, तर पीएफच्या सेवेत दुहेरी नोकरी दिसते आणि पडताळणीच्या वेळी त्याचा खुलासा द्यावा लागतो.

## टप्पा ८ : पीएफ काढू नका, पुढे न्या

या टप्प्यावर सर्वाधिक नुकसान होते, म्हणून तो सविस्तर लिहीत आहे.

मूळ वेतनाच्या १२ टक्के तुमचे आणि १२ टक्के मालकाचे जमा होतात. मालकाच्या वाट्यातील ८.३३ टक्के, १५,००० रुपयांच्या मर्यादेपर्यंत म्हणजे जास्तीत जास्त १,२५० रुपये, निवृत्तिवेतन योजनेत जातात. दहा वर्षांची पात्र सेवा झाली की वयाच्या ५८ व्या वर्षी मासिक निवृत्तिवेतनाचा हक्क मिळतो. या दहा वर्षांत वेगवेगळ्या मालकांकडील सेवा जोडली जाते, पण खाते पुढे नेले तरच. प्रत्येक बदलात फॉर्म १९ आणि १० सी, म्हणजे पीएफ आणि निवृत्तिवेतनाचे पैसे काढण्याचे अर्ज, भरून सर्व रक्कम काढणाऱ्याची तेवढी सेवा पुसली जाते. शिवाय एकूण पाच वर्षे सलग सेवा होण्याआधी काढलेली रक्कम करपात्र ठरते, आणि ती ५०,००० रुपये किंवा अधिक असेल तर पॅन असूनही १० टक्के कर आधीच कापला जातो. खाते पुढे नेले असेल, तर या पाच वर्षांतही जुन्या मालकाकडील काळ धरला जातो. २०२४-२५ साठी या खात्यावर ८.२५ टक्के व्याज होते; हाताशी पैसा हवा म्हणून ते मोडून मोबाइल घेणे परवडणारे नाही.

क्रम असा ठेवा.

१. रुजू होताना पीएफसाठी भरायच्या नव्या मालकाच्या फॉर्म ११ मध्ये जुनाच यूएएन लिहा. ‘नवीन काढून टाकतो, सोपे पडते’ असे ठेकेदाराचा माणूस म्हणाला, तरी नकार द्या. आयुष्यभर एकच यूएएन असायला हवा.

२. जुन्या मालकाने नोकरी संपल्याची तारीख पोर्टलवर भरली का, ते सेवा इतिहासात पाहा. भरली नसेल, तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी ‘मार्क एक्झिट’ या पर्यायातून आधारच्या ओटीपीने ती तुम्हाला स्वतः भरता येते. तारीख रिलिव्हिंग लेटरवरचीच टाका. एकदा भरलेली तारीख दुरुस्त करणे किचकट आहे.

३. नव्या मालकाची पहिली वर्गणी जमा होऊ द्या. पडताळलेल्या खात्यांत रक्कम अनेकदा आपोआप हलते. हलली नाही, तर ‘वन मेंबर वन ईपीएफ अकाउंट’ या पर्यायातून अर्ज करा. जानेवारी २०२५ पासून, आधारशी जोडलेल्या आणि नाव, जन्मतारीख, लिंग जुळणाऱ्या बहुतेक खात्यांसाठी या अर्जाला मालकाची मंजुरी लागत नाही. टप्पा २ मधील दुरुस्तीचे महत्त्व इथे कळते.

४. आधीच दोन यूएएन असतील, तर जुन्यातील रक्कम आणि सेवा चालू यूएएनमध्ये आणा. अशा मुलांनी हे काम या लेखातील इतर कशाहीआधी करावे.

५. हस्तांतर झाल्यावर नवे पासबुक उघडा. तुमचा आणि मालकाचा वाटा दिसेल. निवृत्तिवेतनाच्या रकान्यात रक्कम दिसत नसेल तर घाबरू नका, तिथे पैसा नव्हे तर सेवेचा काळ पुढे जातो. तो काळ सेवा इतिहासात बरोबर दिसतो का, एवढे पाहा.

नामनिर्देशनही याच बैठकीत तपासा. लग्नाआधी भावाचे किंवा आईचे नाव दिले असेल, तर लग्नानंतर ते नव्याने भरावे लागते. वेतन २१,००० रुपयांच्या आत असेल आणि ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) लागू असेल, तर तो विमा क्रमांकही एकच राहतो. नव्या मालकाला जुनाच द्या.

## टप्पा ९ : कर आणि आरोग्य विमा

वर्षाच्या मध्ये नोकरी बदलल्यास जुन्या पगाराचा तपशील नव्या मालकाला द्या. १ एप्रिल २०२६ आधी तो फॉर्म १२ बी मध्ये देण्याची पद्धत होती; सध्याचा नमुना नव्या मालकाला विचारा. तो दिला नाही, तर दोन्ही मालक स्वतंत्रपणे प्रमाणित वजावट आणि कमी कराचे टप्पे धरतात, आणि विवरणपत्र भरताना उरलेला कर व्याजासह एकदम भरावा लागतो. जुन्या मालकाकडून त्या काळाचे पगार आणि करकपातीचे प्रमाणपत्र आठवणीने मागवा.

कंपनीचा समूह आरोग्य विमा बहुधा शेवटच्या दिवशी संपतो. घरी आई-वडिलांचे उपचार चालू असतील, तर शेवटच्या दिवसाआधीच विमा कंपनीला लिहून वैयक्तिक पॉलिसीत स्थलांतराची विनंती करा. त्याच विमा कंपनीकडे गेल्यास प्रतीक्षाकाळात आधी घालवलेली मुदत धरली जाते. विमा संपल्यावर विचारपूस केली, तर हा लाभ हातचा जातो.

## टप्पा १० : नव्या जागेचे पहिले महिने

जुन्या जागेचे रिलिव्हिंग लेटर नव्या जागी जमा झाले आहे आणि पडताळणी पूर्ण झाली आहे, हे विचारून घ्या. पडताळणीत पीएफचा सेवा इतिहास पाहिला जातो, त्यामुळे दोन-तीन महिन्यांची लपवलेली नोकरीही उघडी पडते. ती अर्जातच लिहावी आणि कारण एका वाक्यात द्यावे. लहान नोकरी चालते, लपवलेली चालत नाही.

पुन्हा बदल किती दिवसांनी करावा, याला कायदा नाही. माझ्या मते एका जागी एक पूर्ण वर्ष, म्हणजे एकदा मूल्यमापन आणि एकदा कामाचा पूर्ण हंगाम, काढल्याशिवाय त्या कामाचा अनुभव सांगण्याजोगा होत नाही. पगार थकणे, असुरक्षित मशीन किंवा छळ असेल, तर मात्र वर्षाची वाट पाहू नये.

मालकाने प्रत्येक महिन्याची पीएफ वर्गणी पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायची असते. म्हणून पहिल्या पगारानंतरच्या महिन्यात १५ तारीख उलटली की पासबुक उघडा आणि रक्कम सॅलरी स्लिपशी ताडून पाहा. स्लिपमध्ये कपात आहे पण पासबुकात नोंद नाही, असे दिसले, तर आधी मनुष्यबळ विभागाला ईमेल करा आणि आठ-दहा दिवसांत उत्तर आले नाही तर पीएफच्या तक्रार पोर्टलवर यूएएनसह तक्रार नोंदवा. भविष्य निर्वाह निधी संघटनेचे ‘निधी आपके निकट’ शिबिर दर महिन्याच्या २७ तारखेला जिल्ह्याजिल्ह्यांत भरते. तिथे स्लिप, पासबुकाची प्रत, नियुक्तीपत्र आणि तक्रारीचा क्रमांक घेऊन जा. जुन्या मालकाकडे पगार किंवा ग्रॅच्युइटी अडकली असेल, तर तो विषय वेगळा आहे. त्यासाठी सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात, राजीनाम्याची पोच आणि सही असलेल्या याद्यांसह लेखी अर्ज द्यावा.